फोंड आहे म्हणून तलाव होत नाही

गोव्यातल्या आमच्या गावच्या सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या सपाट कातळावर, एक जुनी चिरेखाण आहे, बांधकामाचे तांबडे दगडी चिरे काढायची. चिरा काढणं केव्हाच थांबलं. खाली पाणी, काठावर रान, एका कोपऱ्यात लोकांनी टाकलेला बांधकामाचा राडारोडा. गेल्या वर्षी ग्रामसभेत कुणीतरी म्हणालं, तिथे जलतरण तलाव करूया. सगळ्यांना पटलं. मागच्या बाकावरचे एक आजोबा उठले आणि म्हणाले, ‘फोंड आसाच मरे, उदकूय आसा. आनीक कितें जाय?’ खड्डा आहे, पाणीही आहे, आणखी काय हवं? सभा हसली. पण अर्ध्या पंचांच्या मनातही तेच होतं हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मग ‘इंजिनियरबाब, तुम्हीच सांगा’ म्हणून माइक माझ्या हातात आला. पाच मिनिटांत जे नीट सांगता आलं नाही ते इथे सांगतो.

आधी त्या खाणीतल्या पाण्याबद्दल. चिरा काढताना कापणीचं पातं सरळ खाली उतरतं, म्हणून खाणीच्या कडा ताशीव उभ्या राहतात. नीट बघितलं तर थराथराच्या आडव्या रेघा दिसतात, एक चिरा, दुसरा चिरा, तिसरा. पावसाळ्यात पाणी चढतं आणि त्या कडांवर शेवाळ धरतं. पोहता येणारा मुलगा उडी मारतो, दोन फेऱ्या मजेत मारतो, दमतो आणि बाहेर यायला काठ शोधतो. काठ नसतोच. हात सरकतो, पायाला आधार लागत नाही, आणि वरचं पाणी कोमट असलं तरी हातभर खाली ते गार असतं. गोव्यात दर पावसाळ्यात अशा खाणींमध्ये बुडाल्याच्या बातम्या येतात, आणि बुडालेल्यांत पोहता येणारेही असतात. जगभरात २०२१ साली सुमारे ३ लाख माणसं बुडून गेली असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

म्हणजे तलावात पाण्याहून महत्त्वाचा असतो तो काठ. चांगल्या सार्वजनिक तलावात पाणी काठाच्या बरोबरीला असतं. दमलेला माणूस नुसती कोपरं टेकून थांबू शकतो, आजी कठडा धरून रुंद पायऱ्यांनी उतरते, आणि एका बाजूला चाकाची खुर्ची जाईल असा उतार असतो, १ फूट उंचीला १२ फूट लांबीचा. काठावरून सांडणारं पाणी जाळीखालच्या पन्हळीत जातं आणि तिथून पुन्हा गाळणीकडे. पाण्यातला निम्म्याहून जास्त मळ वरच्या थरात असतो, केस, तेल, घाम, पानं, म्हणून ही पन्हळ शोभेची नाही. जुन्या पद्धतीचे तलाव पाहिलेत तर पाणी काठाच्या वीतभर खाली असतं आणि भिंतीला एक चिकट काळपट पट्टा दिसतो. तो पट्टा म्हणजे निघून न गेलेला मळ.

आता आजोबांच्या प्रश्नाकडे. खड्डा आयता आहे, मग त्यालाच सिमेंट लावून टाकी का करू नये?

किनाऱ्यालगतच्या एका हॉटेलात, नाव नको, भर जुलैत फरशा बदलायच्या म्हणून तलाव रिकामा केला होता. दोन दिवसांनी सकाळी बघतात तर एका बाजूचा काठ वीतभर वर आलेला, पाइप तुटलेले, भोवतालची लादी उचकटलेली. भूकंप झाला नव्हता. तलाव तरंगला होता. काँक्रीटची टाकी तरंगते हे लोकांना पटत नाही, म्हणून आकडेच मांडतो.

२५ मीटर लांब आणि साडेबारा मीटर रुंद असा तलाव धरा. तळ आणि भिंती २५ सेंटिमीटर जाडीच्या. बाहेरून मोजला तर तळ साधारण ३३० चौरस मीटर. रिकाम्या टाकीचं वजन काढलं तर २७० टनांच्या आसपास येतं. आता जमिनीतलं पाणी या तळाच्या खालच्या बाजूपासून १ मीटर वर चढलं, तर ते टाकीला वर ढकलतं ३३० टनांनी. २७० विरुद्ध ३३०. टाकी होडीसारखी उचलली जाते. भरलेली असताना आतल्या ४०० टन पाण्याचं ओझं तिला दाबून धरतं, म्हणून भरला तलाव तरंगत नाही, रिकामा तरंगतो. आणि आपल्याकडे रिकामा करायची हुक्की नेमकी पावसाळ्यात येते, कारण तेव्हा पोहायला कोणी नसतं.

उपाय आहेत, महागही नाहीत. तळाखाली खडीचा थर आणि त्यात भोकं असलेले पाइप, म्हणजे जमिनीतलं पाणी बाजूला निघून जातं. तळात एक झडप, जी बाहेरचा दाब आतल्यापेक्षा वाढला की आपोआप उघडते आणि जमिनीतलं पाणी आत घेते. तलाव गढूळ होईल पण फुटणार नाही. शेजारी एक छोटी विहीर, ज्यात डोकावलं की जमिनीतलं पाणी कुठवर आलंय ते कळतं. आणि पंपरूमच्या दारावर ठळक अक्षरांत एक ओळ: जून ते ऑक्टोबर तलाव रिकामा करायचा नाही. फरशा बदलायच्यात तर एप्रिल-मेमध्ये बदला.

चिरेखाणीच्या तळाशी टाकी बसवली तर हा सगळा त्रास दुप्पट. कारण चिरा हा सच्छिद्र दगड. सड्यावर पडलेला पाऊस त्यातून झिरपत खाली चिकणमातीच्या थरापर्यंत जातो, तिथे अडतो, आडवा वाहतो आणि डोंगराच्या पायथ्याशी झर होऊन बाहेर येतो. आपल्या गावातल्या विहिरी आणि झरी याच पाण्यावर चालतात. खाण म्हणजे या पाण्याच्या वाटेत पडलेलं भोक. ते काँक्रीटने बुजवलं तर पाणी दुसरीकडून वाट काढणार, आणि खालच्या वाड्यावरची एखादी विहीर मार्चमध्येच तळ दाखवायला लागली तर गाव तलावाला शिव्या देणार, आणि त्या बरोबरच असतील.

दुसरी चूक याहून साधी आणि जास्त वेळा घडणारी. खाणीचा एक भाग पक्क्या दगडाचा आणि एक भाग राडारोडा, चिऱ्याचा चुरा, माती टाकून भरलेला. वरून सारखंच सपाट दिसतं. त्यावर तलाव बांधला की दगडावरचा अर्धा जागचा हलत नाही आणि भरावावरचा अर्धा दोन पावसाळ्यांत खचतो. मधोमध तडा. मग दरवर्षी तडा बुजवायचा ठेका. चार-सहा ठिकाणी भोकं पाडून खाली काय आहे ते बघायला जो खर्च येतो तो वाचवणारे लोक नंतर दहापट खर्च करतात. तेव्हा मात्र कोणी विचारत नाही की भोकं का नाही पाडली.

मग तलाव ठेवायचा कुठे? माझं मत असं: खाणीचा सर्वांत खालचा भाग पावसासाठी सोडून द्यायचा. चिरा टप्प्याटप्प्याने काढलेला असतो, त्यामुळे बहुतेक खाणींत मध्ये एक पायरीसारखा रुंद टप्पा असतो. तलाव त्या टप्प्यावर, पक्क्या दगडावर, उभ्या कड्यापासून चांगला दूर. कड्याच्या भेगांत वडा-पिंपळाची मुळं शिरलेली असतात आणि जोराच्या पावसात सुटे चिरे खाली येतात, म्हणून कड्याच्या पायथ्याशी माणसांनी जाऊ नये असा झाडांचा पट्टा ठेवायचा. खालचं पाणी ही गावची तळी. तिला एका बाजूने पायऱ्या आणि कठडा, बाकी बाजूंनी कुंपण. पोहायला वरचा तलाव, बघायला आणि जमिनीत मुरायला खालची तळी. देवळाच्या तळीत उतरणाऱ्या पायऱ्या आपल्याकडे शेकडो वर्षं बांधल्या गेल्यात, हे काही नवीन शिकायचं नाही.

उभा कडा मात्र लपवायचा नाही. पोर्तुगालमध्ये पोर्तो शहराजवळ लेसा द पाल्मेइरा इथे आल्व्हारो सिझा या वास्तुरचनाकाराने समुद्रकाठच्या खडकांत सार्वजनिक तलाव केले, १९६६ साली ते पूर्ण झाले. जिथे खडक आहे तिथे त्याचाच काठ केला, जिथे नाही तेवढ्यापुरती काँक्रीटची भिंत घातली. कपडे बदलायच्या खोल्या रस्त्याच्या पातळीखाली, त्यामुळे रस्त्यावरून समुद्र अडत नाही. अंधाऱ्या, अरुंद वाटेने जायचं आणि एकदम पाणी समोर येतं. त्याच देशात ब्रागा शहरात २००४ च्या युरो स्पर्धेसाठी एदुआर्दो सोतो द मोरा यांनी जुन्या दगडखाणीत फुटबॉलचं मैदान बसवलं. प्रेक्षकांचे सज्जे दोनच बाजूंना, आणि एका गोलच्या मागे थेट डोंगराचा कापलेला कडा. दोन्ही ठिकाणी जागेची जखम झाकली नाही, तीच पाहण्यासारखी केली. आपला तांबडा कडा पावसानंतर जो रंग धरतो तो रंग कुठल्याही डब्यात मिळत नाही. त्यावर प्लास्टर करून डॉल्फिन रंगवायचा विचार कोणाच्या मनात असेल तर त्याने तो आताच सोडावा. आणि या कड्याचा एक व्यवहारी फायदाही आहे: रस्त्यावरून आत दिसत नाही. मुली आणि बायका पोहायला येतील की नाही हे इथे पाण्यापेक्षा या आडोशावर जास्त अवलंबून आहे.

आता तलावातलं पाणी. लोक तलाव म्हणजे टाकी समजतात, पण तो खरं तर न थांबणारी गाळणी आहे, टाकी हा तिचा एक भाग. आपल्या तलावात साधारण ४ लाख लिटर पाणी. ते दर ४ तासांनी एकदा गाळून निघायला हवं, म्हणजे तासाला १ लाख लिटर. गंमत अशी की एक फेरा झाला म्हणजे सगळं पाणी गाळलं गेलं असं होत नाही, कारण गाळलेलं आणि न गाळलेलं सतत मिसळत असतं. एका फेऱ्यात सुमारे ६३ टक्के, दोनमध्ये ८६, तीनमध्ये ९५. म्हणून रात्री वीज वाचवायला पंप बंद ठेवणाऱ्या तलावात सकाळी पाणी ‘दिसायला ठीक’ असतं, तेवढंच. एवढं पाणी वाळूच्या गाळणीतून ढकलायला ६ ते ७ किलोवॅटचा पंप लागतो. दिवसरात्र चालला तर दीडशे युनिट. रोज.

वाळूत साठलेला मळ काढायला पाणी उलटं सोडून ते बाहेर टाकावं लागतं, एका वेळी काही हजार लिटर. हे पाणी क्लोरीनयुक्त असतं. ते खालच्या तळीत सोडायचं नाही, नाही तर बेडूक आणि मासे मरतील आणि तेच पाणी विहिरीत उतरेल. वेगळ्या टाकीत दोन दिवस उन्हात ठेवलं, तपासलं, मग झाडांना.

क्लोरीनबद्दल एक गैरसमज काढून टाकतो. तलावावर गेल्या गेल्या नाकात जाणारा तो तिखट वास, डोळ्यांची आग, ते जास्त क्लोरीनमुळे नसतं. घाम आणि लघवीतल्या पदार्थांशी क्लोरीनची गाठ पडली की क्लोरामाइन्स नावाची संयुगं बनतात, वास त्यांचा. म्हणजे ज्या तलावाला ‘क्लोरीनचा’ वास फार येतो तिथे बहुधा शुद्ध क्लोरीन कमी उरलेलं असतं. ४ लाख लिटरमध्ये दर दहा लाख भागांत १ भाग या प्रमाणात क्लोरीन म्हणजे फक्त ४०० ग्रॅम. साधारण १ ते ३ भाग राखायचं. पण ते काम करेल की नाही हे पाण्याच्या पीएचवर, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे यावर, ठरतं. ७.२ ला त्यातलं दोन तृतीयांश जंतू मारायला मोकळं असतं, ८ ला जेमतेम पाव. तेवढंच क्लोरीन टाकून निम्मंही काम होत नाही. म्हणून दिवसातून तीन-चारदा तपासणी करून आकडे फळ्यावर लिहायचे, आणि तो फळा पंपरूममध्ये नाही, तिकीट खिडकीजवळ लावायचा. आणि पाण्यात उतरण्याआधी साबणाने आंघोळ. रचनेतच अशी वाट ठेवायची की शॉवरखालून गेल्याशिवाय काठावर पोहोचताच येणार नाही. पाटी लावून हे होत नाही, भिंतीची वळणं घालून होतं.

सुती कपड्यांचा प्रश्न इथेच सांगतो. सुती सलवार किंवा बनियन पाणी शोषून जड होतं, पोहणाऱ्याला खाली ओढतं आणि धागे सोडून गाळणी तुंबवतं. नायलॉनचा अंगभर पोशाख चालतो, अगदी मनगटापासून घोट्यापर्यंत. नियम कापडाचा असावा, कपडा किती तोकडा याचा नाही. हे फलकावर असं स्पष्ट लिहिलं तर कितीतरी जणी येतील.

पाऊस गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर. इमारतींचं आणि तलावाचं मिळून १००० चौरस मीटर छप्पर असेल आणि त्यावरचं ८० टक्के पाणी धरलं तर २४ लाख लिटर होतं, तलाव सहा वेळा भरेल इतकं. उन्हाळ्यात रोज ५ मिलिमीटर जरी बाष्प होऊन गेलं तरी दीड हजार लिटर रोज भरावं लागतं, त्याला हे उपयोगी. बोअर मारायची झाली तर २००२ च्या भूजल कायद्याखाली परवानगी लागते, आणि खालच्या वाड्यातले लोक हरकत घेतील ते वेगळं. पण तोच पाऊस थेट तलावात पडला तर नुकसान. १०० मिलिमीटरच्या एका दिवसात ३१ हजार लिटर पाणी फुकट मिसळतं, क्लोरीन पातळ होतं, पीएच बिघडतो. शिवाय मे आणि ऑक्टोबरच्या गडगडाटात उघडा तलाव लगेच बंद करावा लागतो.

म्हणून छप्पर हवं. पण चारी बाजूंनी बंद हॉल नको. १९८५ साली स्वित्झर्लंडमध्ये उस्टर इथल्या तलावाचं काँक्रीटचं छत पोहणाऱ्यांवर कोसळलं, १२ जण गेले. छत स्टेनलेस स्टीलच्या सळ्यांनी टांगलेलं होतं. स्टेनलेस म्हणजे गंजत नाही ही सगळ्यांची खात्री. पण तलावावरच्या हवेतल्या क्लोराइडने त्या सळ्यांना आतून बारीक तडे गेले होते, वरून काही दिसत नव्हतं. बंद हवेत हा धोका वाढतो. आपल्याकडे थंडी नाही, हॉल गरम ठेवायचा नाही, मग हवा कोंडायची कशाला? उंच छप्पर, बाजू मोकळ्या, पश्चिमेला खाली उतरलेली रुंद पडवी, लोखंड झाकून न ठेवता दर वर्षी बघता येईल असं. वास आपोआप निघून जाईल.

पश्चिमेची पडवी फक्त पावसासाठी नाही. संध्याकाळचं तिरपं ऊन पाण्यावर चमकलं की जीवरक्षकाला तळ दिसत नाही. बुडणारा माणूस सिनेमात हाका मारतो, खऱ्यात तो गप्प असतो, कारण तोंड पाण्यावर असतं तेवढ्या क्षणात तो श्वास घेतो, ओरडत नाही. जीवरक्षकाने आपला भाग १० सेकंदांत नजरेखालून घालावा आणि त्यातल्या कोणाहीपर्यंत २० सेकंदांत पोहोचावं, असा या कामातला ठोकताळा आहे. तो पाळता यावा अशीच तलावाची लांबी-रुंदी, बसायची जागा आणि खांबांची ठिकाणं ठरवायची असतात. तळ पांढरा किंवा फिकट निळा. एका पंचांना चिऱ्याशी जुळणारा तांबडा तळ हवा होता. सुंदर दिसला असता, पण सावळ्या अंगाचं पोर त्यावर दिसलं नसतं. तळातल्या पाणी ओढणाऱ्या जाळ्या एकाऐवजी दोन, एकमेकींपासून निदान तीन फूट लांब, म्हणजे एकीवर कोणाचं अंग चिकटलं तर ओढ दुसरीकडे जाते.

खोली: ०.९ मीटरपासून सुरू होऊन दीडच्या थोडं पुढे. एवढीच. उडी मारायची फळी नको, तिला खोली फार लागते आणि ती वापरणारे गावात दहाही निघणार नाहीत. सभेत ‘ऑलिंपिक साइझ’ हा शब्द आला होता. ऑलिंपिक म्हणजे ५० बाय २५ मीटर. खोली २ मीटरच धरली तरी २५ लाख लिटर, आपल्या सहापट पाणी, सहापट रसायन, आणि नवशिक्याचे पाय कुठेच टेकत नाहीत. स्पर्धांसाठी पणजीत कांपालचा तलाव आहे, २०२३ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांतलं जलतरण तिथेच झालं. गावाला हवा आहे तो पोहायला शिकवणारा तलाव. २५ मीटर, पाच पट्टे, शेजारी चिमुकल्यांसाठी गुडघाभर पाण्याचा वेगळा, आणि वेगळ्या गाळणीचा, कारण त्यात काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे.

जमिनीचे कागद हा स्वतंत्र लेखाचा विषय. सडा कोमुनिदादीचा, म्हणजे गावची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेचा, असेल तर आधी तिथे ठराव, मग जमीन कुठल्या विभागात मोडते ते बघणं, जमिनीचा वापर बदलायची सनद, झाड तोडायचं असेल तर १९८४ च्या वृक्ष कायद्याची परवानगी. कंटाळवाणं आहे, पण तलाव बांधून झाल्यावर करायचं नसतं.

बांधायचे पैसे कुठून तरी येतात, आमदार निधी, कंपनीचा सामाजिक निधी, काहीतरी. चालवायचे पैसे येत नाहीत, आणि आपल्याकडचे बहुतेक तलाव तिथेच मरतात. वीज, रसायनं, दोन पाळ्यांत मिळून चार जीवरक्षक, एक पंपवाला, एक बाई प्रशिक्षक. हे सगळं मांडून मी पंचांना पहिल्या पाच वर्षांचा खर्च आधी लिहायला सांगितला आणि मगच नकाशा काढतो म्हणालो. सकाळी शाळा, दुपारी बायकांची वेळ, संध्याकाळी शुल्क देणारे, असं वेळापत्रक त्या कागदातूनच निघालं. तिकीट खिडकीसमोर चहाची टपरी आणि बाकं असावीत हेही त्यातूनच, कारण पोराला आणून सोडणारी आई तासभर कुठे बसणार? जिथे आया बसतात तिथे दारू पिणारे टोळके बसत नाही, हा खाणीच्या सुरक्षेचा सगळ्यात स्वस्त उपाय.

नकाशा अजून काढलेला नाही. जूनच्या आधी आम्ही खाणीच्या कड्यावर वरपासून तळापर्यंत पांढऱ्या ऑइलपेंटचा पट्टा मारला आणि त्यावर दर १० सेंटिमीटरला रेघ ओढली. दर शनिवारी शाळेतली दोन मुलं कुंपणाबाहेरून दुर्बिणीने बघतात आणि पाणी कितव्या रेघेला आहे ते वहीत लिहितात. खालच्या वाड्यातल्या तीन विहिरींची पातळीही त्याच दिवशी दोरी सोडून मोजतात. पूर्ण एक वर्ष झाल्याशिवाय टप्प्यावर तलावाचा तळ किती उंचीला ठेवायचा हे ठरणार नाही. आजोबा मधूनमधून येऊन वही बघून जातात. परवा म्हणाले, चवथीच्या, म्हणजे गणपतीच्या, आठवड्यात कोणी लिहिलेलं नाही, पान कोरं आहे.